विश्लेषण : गुरूने शिष्याला खरे कधी सांगायचे? ‘द डिसायपल’ने विचारलेला अवघड प्रश्न

सावंतवाडी, कुडाळ परिसरात भजनाच्या डबलबारीचा फलक लागला की त्यावर बुवांच्या नावाबरोबर बहुतेक वेळा आणखी एक नाव असते. ते त्यांच्या गुरूंचे. ‘अमुक बुवांचे शिष्य’ एवढ्या शब्दांवर गावातला रसिक ठरवतो, की रात्री जागायची की लवकर जेवून झोपायचे. गुरूचे नाव ही इथे ओळखही असते आणि पतही.

पण त्या नावाचे ओझे झाले तर? वर्षानुवर्षे गुरूची सेवा केली, पहाटे उठून रियाज केला, नोकरी-लग्न मागे ठेवले आणि तरीही गाण्यात ‘ते’ आलेच नाही तर? आणि हे गुरूला आधीच कळले होते, पण त्याने ते कधी सांगितले नाही, असे असेल तर?

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट या प्रश्नांभोवती फिरतो. २०२० मध्ये व्हेनिस महोत्सवात गाजलेला आणि ३० एप्रिल २०२१ पासून नेटफ्लिक्सवर उपलब्ध झालेला हा चित्रपट वरवर पाहता मुंबईतल्या शास्त्रीय संगीताच्या लहानशा वर्तुळाचा आहे. मात्र ज्या घरात एखादे मूल पेटी, तबला, गाणे किंवा अभिनय शिकते आहे, त्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे. (पुढील मजकुरात कथेतील काही प्रसंग उघड झाले आहेत.)

गोष्ट नेमकी काय आहे?

काळ २००६. शरद नेरुळकर हा चोविशीतला तरुण मुंबईत आजीबरोबर राहतो. तो गुरुजींकडे ख्यालगायकी शिकतो. चित्रपट सुरू होतो तेव्हा गुरुजी एका छोट्या सभागृहात गात आहेत आणि शरद त्यांच्यामागे तानपुऱ्यावर बसला आहे. कॅमेरा हळूहळू शरदच्या चेहऱ्याकडे सरकतो. त्या नजरेत भक्ती आहे आणि धास्तीही आहे, की आपल्याला हे कधी जमणार?

शरदचे वडीलही संगीतवेडे होते. गायक म्हणून त्यांना यश मिळाले नाही. मुलाने ते मिळवावे म्हणून त्यांनी त्याला लहानपणापासून रियाजाला बसवले. म्हणजे शरदच्या खांद्यावर दोन पिढ्यांची अपेक्षा आहे. तो जुनी ध्वनिमुद्रणे सीडीवर उतरवण्याचे आणि विकण्याचे काम करतो, स्पर्धांत गातो, हरतो, आणि रात्री मोटारसायकलवरून रिकाम्या रस्त्यांनी फिरतो. त्या वेळी कानात एकच आवाज असतो : माईंचा. माई म्हणजे गुरुजींच्या गुरू. त्यांनी आयुष्यभर गाणे ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही, अशी आख्यायिका आहे. शरदकडे आहेत ती त्यांच्या व्याख्यानांची दुर्मीळ ध्वनिमुद्रणे.

माईंचे म्हणणे कठोर आहे. ज्याला या वाटेने जायचे आहे त्याने एकटे राहायला आणि उपाशी राहायला शिकावे. पैसा, घरसंसार, टाळ्या हव्या असतील त्याने दुसरे गाणे गावे. शरद हा उपदेश शब्दशः पाळतो.

मग कथा सुमारे १२ वर्षे पुढे जाते. शरदचे पोट सुटले आहे. तो शाळेत संगीत शिकवतो. स्वतःच्या गाण्याचे व्हिडीओ टाकतो आणि त्याखालच्या प्रतिक्रिया वाचून अस्वस्थ होतो. दूरचित्रवाणीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत एक साधी बंगाली मुलगी भागागणिक कशी चकचकीत कलाकार होत जाते, हे तो पाहत राहतो. गुरुजी थकले आहेत, आजारी आहेत. त्यांना औषधे देणे, अंघोळ घालणे, अंग रगडणे हे सारे शरदच करतो. गाणे मात्र तिथेच अडले आहे.

यातला गुरू वाईट माणूस आहे का?

नाही, आणि चित्रपटाची खरी गुंतागुंत इथेच आहे. गुरुजी लोभी नाहीत, ढोंगी नाहीत. त्यांना स्वतःलाही फारशी प्रसिद्धी मिळालेली नाही. ते मोजक्या श्रोत्यांपुढे गातात आणि साध्या घरात राहतात. शिकवताना ते चुका दाखवतात, कधी फटकारतात. शरदने घाई केली की, ‘चाळिशीपर्यंत आम्ही रियाजाशिवाय दुसरा विचार केला नाही,’ या अर्थाचे उत्तर देतात.

हे उत्तर परंपरेच्या दृष्टीने बरोबर आहे. विशीतल्या मुलाला सबुरी शिकवायलाच हवी. पण त्याच उत्तरामुळे शिष्याला स्वतःची पारख करण्याची संधीच मिळत नाही. आज येत नसेल तर रियाज कमी पडतो. उद्या आले नाही तरी रियाजच कमी पडतो. अपयशाचे प्रत्येक वेळी एकच कारण दिले की ‘ही वाट माझी आहे का’ हा प्रश्न विचारायचा दिवस कधी उगवतच नाही. दरम्यान वय पुढे जाते. जितकी वर्षे घातली, तितके मागे फिरणे अवघड होते.

गुरुजींना हे कळत होते का? चित्रपट याचे थेट उत्तर देत नाही. शरदबरोबर शिकणारी स्नेहा त्याच्याहून सहज गाते आणि गुरुजींचा चेहरा ते ऐकताना खुलतो, एवढेच आपल्याला दिसते. शरदलाही ते दिसते. तो काही बोलत नाही.

मग मूर्तीला तडा कधी जातो?

चित्रपटातला सर्वांत बोचरा प्रसंग एका संगीतसंग्राहकाच्या भेटीचा आहे. त्याच्याकडे दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचा साठा आहे आणि जुन्या कलावंतांचे किस्सेही. माईंविषयी आणि गुरुजींविषयी तो बेफिकीरपणे असे काही बोलत जातो, की शरदने मनात उभारलेले देऊळ हलू लागते. शरद हातातला पेला त्याच्या तोंडावर रिकामा करतो.

संग्राहक खरे बोलला की खोटे, हेही आपल्याला कळत नाही. मात्र त्या रागामागची भीती कळते. माई जर साध्या माणसासारख्या असतील, रागावणाऱ्या, पूर्वग्रह असलेल्या, तर त्यांच्या शब्दांवर उधळलेल्या तारुण्याचे काय करायचे?

पुढे शरद स्वतः शिक्षक झाल्यावर एक छोटा प्रसंग येतो. एका विद्यार्थ्याची आई मुलाला घेऊन विचारायला येते, की कॉलेजच्या फ्यूजन बँडमध्ये तो गायला तर चालेल का? शरद म्हणतो, जरूर गाऊ दे. पण मग त्याने इथे यायची गरज नाही. आवाज शरदचा आहे, पण त्यातून बोलत आहेत माई. स्वतःला जे जाचले तेच तो पुढच्या पिढीला देतो. परंपरेत फक्त बंदिशी पुढे जात नाहीत, जाचही पुढे जातो, हे इथे कुठलेही भाषण न देता कळते.

कलाकार कोण आहेत?

ताम्हाणे यांनी मुख्य भूमिकांत गाणारी माणसे घेतली. शरद झालेले आदित्य मोडक हे प्रशिक्षित शास्त्रीय गायक आहेत. गुरुजींच्या भूमिकेतले डॉ. अरुण द्रविड हे गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर आणि गानसरस्वती किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले ज्येष्ठ गायक. त्यांची दुसरी ओळख केमिकल इंजिनीअरची : आयआयटी मुंबई आणि पुढे अमेरिकेतील एमआयटी. म्हणजे पडद्यावर जो गुरू ‘दुसरा विचारच करू नका’ असे सांगतो, ती भूमिका करणाऱ्या माणसाने प्रत्यक्षात इंजिनीअरिंग आणि गाणे या दोन्ही वाटा सांभाळल्या. स्नेहाच्या भूमिकेत गायिका दीपिका भिडे-भागवत आहेत. संगीताची बाजू तबलावादक आणि अभ्यासक अनीश प्रधान यांनी सांभाळली.

माई पडद्यावर दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. तो आवाज ज्येष्ठ दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर ११ दिवसांनी हा चित्रपट घराघरांत पोहोचला. त्यामुळे अनेक प्रेक्षकांनी हा आवाज ऐकला तेव्हा तो खरोखरच मागे राहिलेला आवाज होता.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीने दिग्दर्शित केलेला २००२ सालचा ‘दहावी फ’ अनेकांना आठवत असेल. शाळेची मोडतोड करणारी ‘ढ’ तुकडीची मुले आणि त्यांना गुन्हेगार न ठरवता नुकसान स्वतः भरून काढायला शिकवणारे अतुल कुलकर्णी यांनी साकारलेले शिक्षक, अशी ती गोष्ट होती. तिथला शिक्षक मुलांना त्यांची ताकद दाखवतो. ‘द डिसायपल’मध्ये प्रश्न उलटा आहे : मर्यादा कोणी दाखवायची?

गुरू-शिष्य परंपरेत हे नाते चालते कसे?

शाळेत शिक्षक बदलतात, अभ्यासक्रम ठरलेला असतो, परीक्षा होते, निकाल लागतो. ख्यालगायकीच्या पारंपरिक शिक्षणात यातले काहीच नव्हते. गंडाबंधन झाले की शिष्य गुरूच्या घराचा झाला. अनेकदा फी नसे. त्या जागी सेवा असे. भाजी आणण्यापासून पाय दाबण्यापर्यंत सर्व काही. कोणता राग कधी शिकवायचा, शिष्याने मैफिलीत कधी बसायचे, हे गुरू ठरवणार. त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याकडे शिकणे म्हणजे द्रोह.

या पद्धतीला भक्कम कारण होते. ख्याल लिहून ठेवता येत नाही. स्वराचा लगाव, श्रुतीचा बारीक फरक, तानेचा पेच हे सारे समोर बसून, कानाने, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. त्यासाठी विश्वास लागतो. पण जिथे सगळा विश्वास एकाच माणसावर टाकलेला असतो, तिथे निकाल देणाराही तोच आणि दाद मागायची तीही त्याच्याकडेच. शिष्याला निरपेक्षपणे ‘तू कुठे आहेस’ हे सांगणारे दुसरे कोणी उरत नाही.

पुढे विष्णू दिगंबर पलुस्कर आणि विष्णू नारायण भातखंडे यांनी संगीत शाळेच्या चौकटीत आणले. आज महाराष्ट्रभर मुले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षा देतात. त्यामुळे दारे उघडली आणि बाहेरचा परीक्षकही मिळाला. तरी मैफिलीचा कलाकार घडायला अजूनही गुरूपुढे बसावे लागते. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात आणि मूल दोन्हींच्या मध्ये उभे असते.

सावंतवाडीच्या वाचकाला हे परके का वाटू नये?

चित्रपटातले अलवर घराणे कल्पित आहे. मात्र शरदचे गुरुजी साकारणारे द्रविड ज्या जयपूर-अत्रौली घराण्यात शिकले, त्या घराण्याच्या थोर गायिका सावंतवाडीच्या शेजारच्या मुलखातून, गोव्यातून आल्या. केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई या दोघी घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शिष्या. १९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्णतबकडीत केसरबाईंच्या आवाजातली भैरवी आहे. मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या जलाशयात गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की त्याचे अवशेष वर येतात.

मोगूबाईंचा शिष्यकाळ एखाद्या चित्रपटासारखाच आहे. लहानपणी आई गेली. नाटक कंपनीत काम केले. सांगलीत त्या गात असताना अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांचा आवाज ऐकला आणि स्वतःहून शिकवायला सुरुवात केली. खाँसाहेब मुंबईला गेले तेव्हा मोगूबाईही विद्येमागे मुंबईला गेल्या. मध्ये काही काळ त्यांचे शिक्षण तुटले आणि त्यांना इतर उस्तादांकडे शिकावे लागले. शेवटी पुन्हा खाँसाहेबांकडे येऊन त्यांनी गंडा बांधला. पुढे त्या स्वतः कडक गुरू झाल्या. त्यांच्या शिस्तीत किशोरीताई घडल्या.

अशा कथा आपण वारंवार ऐकतो आणि त्यातून एक समज पक्का होतो : जो सोसतो तो मोठा होतो. मोगूबाईंनी सोसले, म्हणून त्या मोगूबाई झाल्या. पण सोसूनही ज्यांच्या नावाने संगीत समारोह भरत नाहीत, त्यांची संख्या किती असेल? त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. ‘द डिसायपल’ हे अशाच एका न लिहिलेल्या माणसाचे चरित्र आहे.

माईंसारखी व्यक्तीही निव्वळ कल्पनेतली वाटत नाही. सूरबहारवादक अन्नपूर्णा देवी (१९२७-२०१८) यांनी जाहीर मैफिली थांबवल्या आणि पुढची अनेक दशके मुंबईतल्या घरात राहून फक्त शिकवले. हरिप्रसाद चौरसिया, निखिल बॅनर्जी यांच्यासारखे कलावंत त्यांच्याकडे शिकले. जे ऐकायला मिळत नाही त्याचे तेज कल्पनेत वाढतच जाते. शरदचे तसेच झाले आहे.

सिंधुदुर्गात याचे दुसरे रूप दशावतारात दिसते. भात कापून झाले की जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि कंपन्या रात्रभर आख्यान उभे करतात. संवाद लिहिलेले नसतात. नवा मुलगा जुन्या नटाच्या बाजूला उभा राहून, पाहून, चुकून शिकतो. इथे ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असे दशावतारी नटाविषयी म्हटले जाते. कलेत राजेपण आणि जगण्यात ओझे हे इथल्या माणसाला कोणी चित्रपटातून सांगायला नको. फरक एवढाच, की दशावतारात रोज रात्री समोर प्रेक्षक असतो. जमले नाही तर त्याच रात्री कळते. शरदला ते कळायला १२ वर्षे लागली.

अशा विषयावरचे इतर चित्रपट काय सांगतात?

मराठीत गुरू-शिष्याची सर्वांत गाजलेली कथा म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले, तर सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट २०१५ मध्ये. तिथला सदाशिव नाकारला जातो, तरी ज्या खाँसाहेबांनी आपल्या गुरूची जागा घेतली त्यांच्याच घरात राहून त्यांची विद्या मिळवतो. म्हणजे प्रतिभा असेल तर बंद दारातूनही विद्या मिळते, असा तिथे विश्वास आहे.

अमेरिकी ‘व्हिपलॅश’मध्ये (२०१४) संगीतशिक्षक विद्यार्थ्याला अपमानित करून, घाबरवून छळतो आणि शेवटी तो तरुण ढोलवादक थरारक वादन करतो. ही भूमिका करणारे जे. के. सिमन्स यांना ऑस्कर मिळाले. चित्रपट उत्तम आहे, पण ‘छळल्याशिवाय थोर कलाकार घडत नाही’ असा धोकादायक अर्थ त्यातून सहज काढला जातो. ‘हाफ नेल्सन’ (२००६) या कमी खर्चातल्या स्वतंत्र चित्रपटात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला इतिहासाचा शिक्षक व्यसनात अडकला आहे आणि ते त्याच्या एका विद्यार्थिनीला कळते. तिथे शिक्षकालाच आधाराची गरज आहे. रायन गॉस्लिंग यांना या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले.

‘द डिसायपल’ या सगळ्यांपासून वेगळा पडतो तो शेवटी. इथे शेवटच्या मैफिलीत चमत्कार होत नाही. शरद गाता गाता थांबतो, उठतो आणि मंचावरून निघून जातो.

गुरूच्या सत्तेचा प्रश्न चित्रपट टाळतो का?

काही प्रमाणात. शरदवर अन्याय होतो, पण तो सौम्य आहे. प्रत्यक्षात गुरूच्या निर्विवाद अधिकाराचा गैरवापर झाल्याच्या तक्रारी संगीत-नृत्य क्षेत्रात उघडपणे आल्या आहेत. २०१८ च्या ‘मी टू’ चळवळीत कर्नाटक संगीतातील काही कलावंतांवर आरोप झाल्यानंतर चेन्नईच्या म्युझिक अकॅडमीने डिसेंबरच्या संगीतोत्सवातून सात कलाकारांना वगळले. जिथे शिष्याने प्रश्न विचारणे हाच अपराध मानला जातो, तिथे दाद मागणे किती कठीण, हे त्या वेळी समोर आले.

हा चित्रपट त्या टोकाला जात नाही. पण तो मुळाशी बोट ठेवतो : प्रश्न न विचारण्याची सवय. शरदला कोणी मारत नाही, कोंडत नाही. तरी तो अडकलेला आहे, कारण शंका घेणे म्हणजे अपात्र असणे, असे त्याला शिकवले गेले आहे.

‘स्वतंत्र चित्रपट’ म्हणजे काय, आणि हा कसा बनला?

मोठ्या स्टुडिओच्या किंवा ताऱ्यांच्या बळावर न उभारलेला, विषयाबाबत तडजोड न करणारा चित्रपट, असा त्याचा साधा अर्थ. निर्माते विवेक गोम्बर यांनी ताम्हाणे यांचा पहिला चित्रपट ‘कोर्ट’ही निर्माण केला होता आणि त्यात वकिलाची भूमिका केली होती. ‘कोर्ट’ला २०१४ मध्ये व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार मिळाले, नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि भारताने तो ऑस्करसाठी पाठवला.

‘द डिसायपल’ व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत निवडला गेला, तेव्हा २००१ च्या ‘मॉन्सून वेडिंग’नंतर तिथे पोहोचलेला तो पहिला भारतीय चित्रपट होता. त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार आणि आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचा फिप्रेस्की पुरस्कार मिळाला.

या निर्मितीमागे आणखी एक गुरू-शिष्य जोडी आहे. कलाक्षेत्रातल्या एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन उपक्रमात ताम्हाणे यांची निवड मेक्सिकोचे ख्यातनाम दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन यांचे शिष्य म्हणून झाली. क्वारोन ‘रोमा’ करत असताना ताम्हाणे तिथे हजर होते. पुढे क्वारोन ‘द डिसायपल’चे कार्यकारी निर्माते झाले. गुरूने शिष्याला जवळून काम पाहू दिले आणि शिष्याने स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या शहरावर, गुरूसारखा नसलेला चित्रपट केला. चांगले गुरुत्व कसे असते, याचे उदाहरण चित्रपटाच्या श्रेयनामावलीतच सापडते.

पालक आणि विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावे?

चित्रपट उपदेश करत नाही. तरी तीन गोष्टी त्यातून स्पष्टपणे हाती लागतात.

पहिली, निष्ठा आणि प्रतिभा या वेगळ्या गोष्टी आहेत. निष्ठा असली म्हणजे प्रतिभा येईलच असे नाही, आणि प्रतिभा कमी असली म्हणून निष्ठा वाया गेली असेही नाही. दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर ‘पूर्णवेळ गाणे करू का’ असे विचारणाऱ्या मुलाशी बोलताना या दोन गोष्टी वेगळ्या करून बोलावे लागते.

दुसरी, एकच कान पुरेसा नसतो. गुरूवर श्रद्धा ठेवूनही दुसऱ्या जाणकाराकडून ऐकून घेता येते. मुंबई इथून सुमारे ५०० किलोमीटर लांब आहे, पण पणजी जवळ आहे. तिथली कला अकादमी, केसरबाईंच्या नावाने होणारा संगीत समारोह, गोव्यातल्या मैफिली हे सारे एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. चांगले गाणे समोर बसून ऐकले की स्वतःचे गाणे कुठे आहे, ते मुलाला आपोआप उमगू लागते.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. वेळेवर आणि मायेने सांगितलेले खरे हीदेखील विद्याच आहे. ‘तू मैफिलीचा गायक होशील असे मला वाटत नाही, पण तुझा कान तयार आहे’ हे वाक्य पंचविशीत ऐकले तर दुखते. चाळिशीत स्वतःचे स्वतःला कळले तर त्याहून जास्त दुखते.

शेवटी शरदचे काय होते?

त्याचे लग्न होते, मुलगी होते. गाण्याचा मंच सुटतो, पण गाणे सुटत नाही. तो जुन्या, दुर्मीळ संगीताची ध्वनिमुद्रणे लोकांपर्यंत पोहोचवण्याचे काम सुरू करतो. ही हार आहे का? शरदच्या चेहऱ्यावरून ते कळत नाही. पण परंपरा फक्त मंचावरच्या गायकांमुळे टिकत नाही. ती जपणारे, ऐकणारे, शाळेतल्या मुलांना सा लावायला शिकवणारेही तिला हवे असतात. डबलबारीत बुवांच्या मागे बसून रात्रभर झांज वाजवणाऱ्याचे नाव फलकावर नसते, पण तो नसेल तर बारी उभी राहत नाही.

शेवटच्या दृश्यात शरद बायको-मुलीबरोबर लोकल ट्रेनमध्ये बसला आहे. डब्यातून एक फिरस्ता गायक गात जातो. त्याला घराणे नाही, त्याचे गाणे कोणी जपून ठेवणार नाही, आणि त्याला त्याची पर्वाही दिसत नाही. तो सहज गातो आणि पुढे सरकतो. शरद खिडकीबाहेर बघत राहतो.

दोन तासांचा हा चित्रपट संथ आहे, लांबलांब दृश्यांचा आहे. मोबाइलवर पाहणार असाल तर हेडफोन लावून, सलग पाहा. घरात गाणे शिकणारे मूल असेल तर त्याच्याबरोबर पाहा आणि नंतर थोडा वेळ गप्पांसाठी राखून ठेवा.